तेल कुठलं?

बारी, इटली
२२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बाटलीवर इटली लिहिलंय म्हणून ऑलिव्हचं तेल इटलीचंच, हे तुम्ही लोक ओळखता कसं?" मी "यंत्रावर" म्हणून उरकलं आणि पलीकडून तुमचं "हं" आलं. अर्धवट उत्तर दिलं की वर्गात मिळायचं तेच ते "हं". म्हणून आज सविस्तर लिहिते.

तुम्ही फळ्यावर शिकवलेल्या समस्थानिकांवरच, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरच, माझं पोट चाललंय. समुद्रावरची वाफ ढग होऊन जमिनीवर सरकते, तेव्हा ऑक्सिजन-१८ हा जड अणू असलेलं पाणी आधी कोसळतं. ढग जसजसा आत, डोंगरांकडे जाईल तसतसा पाऊस हलका होत जातो. ऑलिव्हचं झाड तेच पाणी पितं. त्यात उन्हाळा कडक असेल तर पानांतून हलकं पाणी लवकर उडतं, जड मागे राहतं, आणि त्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन पुढे तेलात उतरतो. कार्बनची तऱ्हा वेगळी. पाण्याची ओढ पडली की झाड पानांची रंध्रं मिटून घेतं. मग एरवी टाळला असता तो जड कार्बन-१३ही त्याला वापरावा लागतो. फरक हजारात काही भागांचाच, पण यंत्राला तो दिसतो.

हाताचं काम मात्र बारीक. नखावर मावेल अशा चांदीच्या डबीत मिलिग्रॅमच्याही अंशाएवढं तेल सोडायचं, चिमट्याने तोंड दुमडायचं, की डबी १४०० अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत पडते. पहिल्याच आठवड्यात मी एक डबी जोरात दाबली. तेल झिरपून शेजारच्या डब्यांना लागलं आणि अख्खा ट्रे टाकून द्यावा लागला. कोणी रागावलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

शिवाय तेल ज्यांचं बनतं त्या स्निग्धाम्लांचं प्रमाण बघतो. इथल्या ऑलिव्हच्या कोरातिना जातीत किंवा स्पेनच्या पिक्वालमध्ये ओलिक आम्ल भरपूर असतं, तर ट्युनिशियाच्या शेमलालीत ते कमी आणि पामिटिक जास्त. पण यावरून जात कळते, जागा नव्हे. स्पेनमधल्या कातालोनियाची आर्बेकिना जात आता कॅलिफोर्नियात आणि चिलीतही लावतात. डीएनएचं तुम्ही विचारणारच. गाळलेल्या तेलात तो फारच थोडा उरतो, तोही तुकडे झालेला.

युरोपीय संघात २००९पासून एक्स्ट्रा व्हर्जिन आणि व्हर्जिन तेलाच्या बाटलीवर मूळ देश लिहिणं सक्तीचं आहे. बाटली कुठे भरली याला किंमत नाही, फळ कुठे तोडलं आणि तेल कुठे काढलं हे महत्त्वाचं.

तर बाबा, खरं उत्तर असं की नुसत्या तेलावरून आम्ही गाव ओळखतच नाही. ताडून बघायला खात्रीचे नमुने लागतात. ते घ्यायला आम्ही स्वतः घाण्यावर जातो आणि नळीतून पडणारी हिरवी धार डोळ्यांदेखत बाटलीत धरतो. तो नमुनाच भेसळीचा निघाला तर पुढचं सगळं वाया. आणि हे दरवर्षी नव्याने करावं लागतं, कारण प्रत्येक वर्षीचा पाऊस वेगळा. एवढं करूनही अहवालात "हे तेल इथलंच" असं लिहीत नाही. "दाव्याशी विसंगत नाही" एवढंच लिहितो. इटलीच्या सिसिली बेटाचा दक्षिण किनारा आणि ट्युनिशिया समोरासमोर, ऊन-पाऊस मिळताजुळता, त्यामुळे आकडे एकमेकांत शिरतात. थोडंसं परकं तेल मिसळलं तर आकडा इतका कमी हलतो की तो नेहमीच्या चढउतारात लपून जातो. अशा वेळी रसायनशास्त्र बाजूला ठेवून खरेदीच्या पावत्या आणि झाडांची संख्या तपासणारा माणूसच लागतो.

गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्याचा नमुना आला होता. लेबलावर इटली, पण ऑक्सिजनचा आकडा इटलीच्या खात्रीच्या नमुन्यांशी न जुळणारा, कार्बनचाही. मी जवळजवळ धावतच वरिष्ठ बाईंकडे गेले, लबाडी सापडली म्हणून. त्यांनी कागदावर नजर टाकून एवढंच विचारलं, "तोडणी कधीची?" तेल मागच्या कोरड्या हंगामाचं होतं आणि मी ते यंदाच्या नमुन्यांशी ताडत होते. मागच्या वर्षीच्या आकड्यांत ते अगदी चपखल बसलं. त्या माणसाचा माल मी अडकवून ठेवला असता.

आता ट्रेवर तोडणीचा हंगाम ठळक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. शिक्षा आहे की बढती, अजून कळलेलं नाही.

उद्या पहाटे पुन्हा घाण्यावर जायचंय. आईला म्हणावं, स्वेटर वापरते आहे. तिला नमस्कार.

तुमची,
मनू