बोलतायत ना, मग काय नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडी घसरल्याच्या बातमीत 'डोक्याला किरकोळ मार' असं पेपरात बऱ्याचदा वाचते आणि दरवेळी प्रश्न पडतो की किरकोळ हे ठरवलं कुणी. बहुतेक तिथे जमलेल्या गर्दीनेच. आणि गर्दीचं गणित ठरलेलं असतं, रक्त नाही, बेशुद्ध नाही म्हणजे मुका मार, घरी जा, हळद-दूध प्या.

परवा पौड रोडला पावसात एका स्पीडब्रेकरवर स्कूटरच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या काकू उडून पडल्या. हेल्मेट फक्त चालवणाऱ्या मुलाच्या डोक्यावर (आपल्या पुण्यात मागच्याला डोकं नसतंच बहुतेक). खरचटलंसुद्धा नव्हतं फारसं, उठून बसल्या, पाणी प्यायल्या, पण सारखं एकच विचारत होत्या, "आपण कुठं निघालो होतो रे?" मुलगा सांगायचा, "अगं आई, मंडईतनं घरी", की दोन मिनिटांनी परत तेच. आणि लोक म्हणतायत, बोलतायत ना, मग काय नाही. एका रिक्षावाल्या काकांनी मात्र कुणाचं न ऐकता त्यांना रिक्षात बसवून थेट हॉस्पिटलला नेलं, त्यांना माझा नमस्कार.

याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. जोराच्या हिसक्याने मेंदू कवटीच्या आतच हलतो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं, डोकं प्रत्यक्ष कशावर आपटलं नसलं तरी होऊ शकतं. बहुतेक कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, उजेड-आवाज सहन होत नाही, घडलेलं आठवत नाही, माणूस उगाच चिडचिड करतो. सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी कन्कशन असू शकतं कारण स्कॅनमध्ये रक्तस्राव नाहीतर फ्रॅक्चर दिसतं, बिघडलेलं काम दिसत नाही. बहुतेक लोक काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत बरे होतात, पहिले एकदोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू रोजची कामं, घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते आतल्या रक्तस्रावाला. त्यात माणूस आधी चांगला बोलतो-चालतो आणि काही तासांनी ढासळतो. म्हणून पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, बोलताना जीभ जड होणं, हातपाय लुळे वाटणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, बरळणं किंवा हलवूनही नीट जाग न येणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. आणि घरात अँजिओप्लास्टी झालेले, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा बाथरूममध्ये डोक्यावर पडले तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी दाखवून या. म्हाताऱ्या माणसांत रक्त हळूहळू साचतं, कधीकधी काही आठवड्यांनी चाल बिघडते, विसरभोळेपणा वाढतो आणि घरचे म्हणतात वय झालं.

डॉक्टरांनी घरी पाठवल्यावर झोपू द्यायचंच नाही म्हणून रात्रभर जागवत बसायची गरज नाही, सोबत कुणीतरी असावं आणि सांगितलं असेल तसं मधूनमधून बघावं. दुखलं तर पॅरासिटामॉल, सुरुवातीला डॉक्टरांना न विचारता अॅस्पिरिन-आयब्युप्रोफेन नको.

क्रिकेटवाल्यांना तरी हे कळायला हवं. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला टी-ट्वेंटीत जडेजाच्या हेल्मेटवर बॉल बसला, तो डाव संपेपर्यंत खेळला, मग कन्कशन सब्स्टिट्यूट म्हणून, म्हणजे डोक्याला लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू म्हणून, चहल आला आणि तीन विकेट काढून गेला. त्यावरून वाद झाला, पण आयसीसीने हा नियम २०१९ मध्ये आणला तो उगाच नाही. पहिल्या मारातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं, लहान मुलांत जास्तच. आणि आपल्याकडे मैदानावर पोराला बॉल लागला की टेंगूळ आलं म्हणजे बरं, मार बाहेर आला, चल बॅटिंग कर. असं काही शास्त्र नाहीये हो.

शाळा आणि क्लबांना एवढंच सांगणं आहे की डोक्याला लागलं की त्या दिवसापुरता खेळ बंद, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय परत मैदानात नाही, आणि आईबाबांना फोन त्याच दिवशी करा, पोरगं घरी आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका, मॅच बुडेल म्हणून ते नाहीच सांगत.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे