तामेतच्या घराचं खत

ठाणे,
शुक्रवार, दुपार

प्रिय एझ्रा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. दोनदा वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तुझ्या आरोनने आपल्या बेने इस्राएल यहुद्यांबाहेरची मुलगी पसंत केली, तू त्याच्याशी अबोला धरलास, आणि वहिनींची दोघांच्या मधे ओढाताण चालली आहे. शेवटी तू विचारलंस, "दान्या, माझं चुकतंय का?" इतक्या वर्षांत तू मला असं कधी विचारलं नव्हतंस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमलं नसतं, म्हणून संध्याकाळी शब्बाथचा विसावा लागायच्या आत लिहायला बसलोय.

मागच्या जानेवारीत आम्ही दोघं इजिप्तला गेलो होतो. पिरॅमिड पाहिले, पण माझा जीव अडकला तो अस्वानला. तिथे नाईलच्या पात्रात एलेफंटाइन नावाचं बेट आहे. जुन्या आरामी कागदांत त्याचं नाव येब. इ.स.पू. पाचव्या शतकात तिथे इराणी बादशहाच्या चाकरीत यहुदी शिपायांची पलटण होती. बायकामुलांसकट कायमची वस्तीला. वस्तीत याहोचं, म्हणजे आपल्याच देवाचं, देऊळ होतं. आपल्यासारखी प्रार्थनेची मशीद, म्हणजे सिनेगॉग, नव्हे, बळी द्यायचं देऊळ, आणि तेही यरुशलेमबाहेर! पलीकडेच ख्नूमचं देऊळ, मेंढ्याच्या तोंडाच्या इजिप्ती देवाचं. आम्ही होडीने बेटावर उतरलो, मातीच्या विटांच्या पडक्या भिंतींमधून फिरलो. उन्हाने हिचं डोकं दुखायला लागलं, तरी माझा पाय निघेना.

मी जन्मभर निबंधक कचेरीत दस्त नोंदवले हे तुला माहीत आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड. म्हणून त्या बेटावरच्या एका कुटुंबाचे कागद वाचताना मला आपल्याच टेबलावरची फाईल उघडल्यासारखं वाटलं. चार्ल्स एडविन विल्बर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८९३ साली हे पपायरस अस्वानला विकत घेतले. तीन वर्षांनी तो वारला आणि कागद त्याच्या ट्रंकेत पडून राहिले. १९४७ साली ब्रुकलिनच्या संग्रहालयात पोचले आणि १९५३ मध्ये छापले गेले. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, चतुःसीमा काय, नंतर कोणी हरकत घेतली तर दंड किती, खाली साक्षीदार. अडीच हजार वर्षांत दस्ताची रीत फारशी बदललेली नाही, एझ्रा.

त्या कुटुंबाची हकीकत तुला सांगायचीच आहे.

अनन्या बेन अझर्या हा याहोच्या देवळाचा सेवेकरी. इ.स.पू. ४४९ मध्ये त्याने लग्न केलं तामेतशी. तामेत इजिप्ती होती, आणि गुलाम होती, मशुल्लाम नावाच्या एका यहुद्याची. तिच्या उजव्या हातावर "मशुल्लामची" अशी खूण होती. देवळाच्या सेवेकऱ्याने गोंदलेली परकी दासी बायको म्हणून मागितली, आणि तेही रीतसर करार करून: "ती माझी बायको, मी तिचा नवरा, आजपासून कायमचा." तिने माहेरून काय आणलं त्याची यादी करारात आहे. सात शेकेल चांदीच्या मोलाचं एक लोकरीचं वस्त्र, एक आरसा, वहाणांचा एक जोड, थोडं सुगंधी तेल, थोडं एरंडेल. एवढंच. ही यादी हिला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "आरसा होता ना, मग झालं." बायकांना अशा यादीत काय दिसतं ते आपल्याला कळत नाही.

त्यांना मुलगी झाली, तिचं नाव यहोइश्मा. नावातच याहो आहे, बघ. आई जोवर गुलाम तोवर लेकही मशुल्लामचीच. इ.स.पू. ४२७ मध्ये, म्हातारपणी, मशुल्लामने दोघींना मोकळं केलं. तसा दस्त केला आणि त्यात लिहिलं की तुम्ही देवासाठी सुटलात, आता कोणी तुमच्यावर हक्क सांगितला तर त्याला जबर दंड. दोघींनी त्याबदली लिहून दिलं की मुलं बापाला सांभाळतात तसं आम्ही तुला सांभाळू. पुढे इ.स.पू. ४२० मध्ये यहोइश्माचं लग्न झालं ते अठ्ठ्याहत्तर शेकेलच्या आसपास हुंडा देऊन. आईच्या लग्नातली ती यादी आठव आणि मग हा आकडा बघ.

अनन्याने घर घेतलं होतं इ.स.पू. ४३७ मध्ये, बगझुश्त नावाच्या शिपायाकडून, चौदा शेकेलला. चतुःसीमा वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. एका बाजूला रस्ता, रस्त्यापलीकडे याहोचं देऊळ. आसपास कोण? खडकाळ पाण्यातून होड्या काढणारा इजिप्ती नावाडी. ख्नूम देवाचा माळी. त्या गल्लीत सकाळी कोणाची धुणी कोणाच्या दोरीवर वाळत असतील, कोणाच्या घरचा वास कोणाच्या ओसरीत येत असेल, ते नागपाड्याच्या चाळीत वाढलेल्या आपल्याला वेगळं समजवायला नको.

आता तू म्हणशील, हेच तर! असं मिसळूनच माणसं विरघळतात. तुझ्या पत्रातही तेच आहे, "एकदा दार उघडलं की काही उरत नाही." तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. येबमध्ये विरघळणं होतंच. मिब्ताह्या नावाच्या एका यहुदी बाईने इजिप्ती माणसाशी वाद मिटवताना इजिप्ती साती देवीची शपथ घेतली, कागदावर आहे. इ.स.पू. ४०० च्या एका वर्गणीच्या यादीत माणशी दोन शेकेल जमा केलेत आणि बेरीज वाटताना याहोबरोबर अनतबेथेल आणि एशेमबेथेल या परक्या दैवतांनाही वाटा दिलाय. अनतबेथेलचा वाटा याहोपेक्षा थोडासाच कमी. ते वाचून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. एका खापरीवर कोणी इस्लाह नावाच्या माणसाला लिहिलंय की उद्या भाजी पाठवतोय, उद्या शब्बाथ आहे तरी होडीवर जा, नाहीतर माल वाया जाईल, आणि न गेलास तर याहोच्या जिवाची शपथ, तुझा जीव घेईन! शब्बाथ मोडायला सांगायचं आणि शपथ याहोचीच घालायची.

पण त्याच मिब्ताह्याच्या घरचं काय झालं तेही ऐक. तिने लग्न केलं एश्होर नावाच्या इजिप्ती माणसाशी, राजाच्या बांधकामावरचा कारागीर. नंतरच्या कागदांत तोच एश्होर 'नातान' या नावाने येतो. मुलांची नावं यदन्या आणि महसेया. महसेया म्हणजे तिच्या बापाचं नाव. कोण कोणात विरघळलं, सांग बरं?

आणि शास्त्र शिकायला त्यांनाही बाहेरून माणूस लागला. इ.स.पू. ४१९ मध्ये हनन्या नावाच्या एकाने वस्तीचा पुढारी यदन्या (मिब्ताह्याचा मुलगा नव्हे, दुसरा) याला आणि पलटणीला पत्र पाठवलं. पत्र फाटलेलं आहे, पण निसान महिन्याच्या पंधरा ते एकवीस तारखेपर्यंत खमीर खाऊ नका, शुद्ध राहा, काम करू नका, एवढं वाचता येतं. बाहेरून येऊन आपल्याला शास्त्र शिकवणाऱ्या दाऊद रहाबीची गोष्ट सांगतात ना, अगदी तशीच. आपल्या आज्यांनासुद्धा या बिनखमिराच्या सणाचा पेसाह हा शब्द कुठे माहीत होता? त्या म्हणायच्या अनाशी ढाकाचा सण. शब्बाथला घाणा बंद, म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं. ग्रंथ नव्हता, रब्बी नव्हता. शेमाची प्रार्थना होती आणि बंद घाणा होता. त्यावर आपण इथवर आलो.

येबचं देऊळ इ.स.पू. ४१० मध्ये पाडलं. ख्नूमच्या पुजाऱ्यांनी इराणी अंमलदार विद्रंगाला हाताशी धरलं. दगडी चौकटींचे पाच दरवाजे फोडले, गंधसरूचं छत जाळलं, सोन्याचांदीची भांडी नेली. मग त्या लोकांनी काय केलं? गोणपाट नेसले, उपास धरले, तेल लावलं नाही, दारू प्याले नाहीत. यरुशलेमच्या महायाजकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तीन वर्षांनी, इ.स.पू. ४०७ मध्ये, यहुदाचा सुभेदार बगोही याला लिहिलं, शेजारच्या शोमरोन प्रांताच्या सुभेदाराच्या मुलांनाही कळवलं. तेव्हा परवानगी मिळाली: देऊळ बांधा, धान्याचं अर्पण करा, धूप जाळा. पशुबळीचा शब्द त्यात नव्हता. ज्यांची बायकामुलं इजिप्ती, ज्यांचा शेजार ख्नूमचा, ती माणसं तीन वर्षं तेल न लावता बसली होती, एझ्रा.

यरुशलेमच्या गप्प राहण्याशी मी फार वेळ थांबलो. १९६२ साली इस्राएलच्या धर्माधिकाऱ्यांनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईच्या बाजूच्या पिढ्या तपासायचं फर्मान काढलं होतं, आणि १९६४ मध्ये आपल्या माणसांनी यरुशलेममध्ये धरणं धरल्यावर संसदेला सांगावं लागलं की हे लोक पुरते यहुदी आहेत. दारात उभं करून "तू आमचा का?" असं विचारलं की कसं वाटतं, ते आपल्या लोकांइतकं कोणाला कळणार?

इजिप्तमधल्याच अलेक्झांड्रिया शहराचं, पुढच्या रोमन काळातलं, थोडक्यात लिहितो, कारण तुझ्या भीतीचं खरं उदाहरण तिथे आहे. फिलो हा यहुदी तत्त्वज्ञ त्याच शहरातला. तोरा, आपला धर्मग्रंथ, ग्रीकमध्ये आणलेली, आणि त्या भाषांतराचा दर वर्षी फारोस बेटावर उत्सव करायचे, असं फिलोनेच लिहिलंय. त्याचा भाऊ अलेक्झांडर इतका श्रद्धाळू आणि श्रीमंत की यरुशलेमच्या मंदिराचे नऊ दरवाजे त्याने सोन्याचांदीने मढवून दिले. आणि त्याच अलेक्झांडरचा मुलगा तिबेरियस यूलियस! त्याने वाडवडिलांच्या चाली सोडल्या, इजिप्तचा रोमन सुभेदार झाला, आणि इ.स. ७० मध्ये यरुशलेमच्या वेढ्यात रोमन सेनापती टायटसच्या शेजारी उभा होता. बापाने मढवलेले दरवाजे पोराच्या डोळ्यांदेखत जळाले. त्या घरात बाहेरची सून आल्याची कुठे नोंद नाही. पोरगा घरातलाच होता, मढवलेल्या दारांच्या आतला.

मला परत तामेतकडे जाऊ दे. इ.स.पू. ४०२ मध्ये अनन्याने आणि तिने मिळून तेच घर जावयाला विकलं, तेरा शेकेलला. शेवटचा मोठा दस्त. लिहून देणारांची नावं आहेत: अनन्या, याहोचा सेवेकरी, आणि त्याची बायको तामेत, येबच्या किल्ल्यात वसणाऱ्या याहो देवाची सेवेकरीण. मी ती ओळ तीनतीनदा वाचली. लग्नाच्या करारात जी मशुल्लामची दासी होती, ती सत्तेचाळीस वर्षांनी दस्तात देवाच्या सेवेत आहे. कोणा लेखनिकाने ते सहज लिहिलं, नवल वाटावं असं त्यात त्याला काही दिसलं नाही. चतुःसीमेत याहोचं देऊळही पुन्हा आलंय.

तुझ्या घरी शुक्रवारी दिवे लागतात, वहिनी मलिदा करतात, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेतात. ते तसंच चालू राहू दे, त्यात तसूभर ढिलाई करू नकोस. आणि त्या मुलीला एका शुक्रवारी त्या ताटाला बोलाव. तिला सगळं एका दिवसात कळणार नाही. वहिनींच्या शेजारी उभी राहून पोहे भिजवेल, नारळ खवेल, चार गोष्टी विचारेल. आरोनशी आधी बोल. तो तुझ्या फोनची वाट बघतोय, हे त्याने मला सांगितलं नाही, पण मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हो, तुझं चुकतंय, असं मला वाटतं.

आणखी एक. तुझं पत्र आता परत काढून बघितलं. चार पानं आहेत, आणि त्या मुलीचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. सगळीकडे 'ती'. तामेतचं नाव पहिल्या कागदापासून आहे.

उन्हं कलली. ही दिव्यांची तयारी करतेय, हाक मारतेय. उत्तर लवकर पाठव, आणि तिचं नाव काय ते कळव.

शब्बाथ शालोम.

तुझा,
दान्या