केंद्रीय आयुष मंत्र्यांना खुले पत्र: मुंगपूच्या सिंकोनाकडे लक्ष द्या

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांना वनौषधी शिकवते. सिंकोनाची साल दरवर्षी त्यांच्या हाती देते: बाहेरून करडी, भेगाळलेली, आतून तांबूस, चवीला कडूजहर. तिचा अर्क पातळ सल्फ्युरिक आम्लात घालून अतिनील दिव्याखाली धरला की परीक्षानळी निळी उजळते. ते क्विनाईन, हिवतापावरचं आपल्या आजी-आजोबांचं कोयनेल.

दक्षिण अमेरिकेतलं हे झाड इंग्रजांनी १८६० च्या दशकात दार्जिलिंगजवळ मुंगपूच्या उतारांवर लावलं. सालीपासून तिथेच औषध निघू लागलं आणि टपाल कचेऱ्यांतून पैशाला पुडी या भावाने बंगालच्या खेड्यापाड्यांत पोचलं. आज तो क्विनाईनचा कारखाना बंद आहे. लागवड पश्चिम बंगाल सरकारच्या संचालनालयाकडे आहे. रवींद्रनाथ मुंगपूला राहिले तो बंगला संग्रहालय म्हणून जपलाय, हे छानच झालं. तशीच आस्था झाडांच्याही वाट्याला यावी. निलगिरीत नडुवट्टमला सिंकोनाच्या जागी कधीच चहा आला.

हा राज्याचा विषय म्हणून कृपया सोडून देऊ नका. होमिओपॅथी तुमच्याच मंत्रालयात येते, आणि तिचे जनक हानेमान यांनी १७९० मध्ये स्वतःवर पहिला प्रयोग केला तो याच सालीचा.

माझी मागणी एकच आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने मुंगपूच्या जुन्या झाडांची झाडागणिक तपासणी करावी. सिंकोनाचा संकर सहज होतो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन झाडांतही क्विनाईनचं प्रमाण फार वेगळं असू शकतं. सरस झाडं हेरून त्यांची कलमं राखायला हवीत. वाणाची किंमत काय असते ते इतिहासात आहे. बोलिव्हियात मान्युएल इंक्रा ममानी या स्थानिक माणसाने जमवलेलं सिंकोनाचं बी इंग्रज सरकारने नाकारलं, डचांनी १८६५ मध्ये त्यातलं थोडं विकत घेतलं, आणि पुढे जगातलं बहुतेक क्विनाईन त्यांच्या जावा बेटावरून येऊ लागलं. १९४२ मध्ये जावा जपानच्या हाती पडलं तेव्हा दोस्त राष्ट्रांची सैन्यं या औषधावाचून अडली.

आता हिवतापावर आर्टेमिसिनिनची नवी औषधं आहेत, हे मी जाणते. पण त्यांनाही न जुमानणारे जंतू आग्नेय आशियात आणि आफ्रिकेत सापडले आहेत, आणि आपल्या गडचिरोलीतून हिवताप अजून हटलेला नाही. हाताशी असलेलं झाड अशा वेळी गमावू नये.

सालीच्या तपासणीला मनुष्यबळ कमी पडत असेल तर औषधनिर्माण महाविद्यालयांना सांगा. नमुने आले तर माझे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील.

आपली नम्र,
वनौषधींची एक शिक्षिका, नाशिक