काकांची लेन्स आणि आणखी एक बॉडी

डोंबिवली, रविवार

प्रिय नंद्या,

फोनवर तू दोन वाक्यांत निकाल लावून मोकळा होतोस आणि मला हे नीट सांगायचंय, म्हणून पत्र. तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच, आईची साखर आटोक्यात.

काल बोरा बाजारात काकांच्या लेन्सला बसेल अशी कॅमेऱ्याची बॉडी हातात आली. निकॉन एफएम. एफएम२ नव्हे, त्याच्या आधीचा, १९७७ साली आलेला.

पण आधी माझ्या एफएम२चं ऐक. आळंदीचा रोल धुतला आणि लख्ख उन्हातल्या फ्रेम्सना निगेटिव्हवर एका लांब कडेला फिकट पट्टा दिसला. वाटलं डेव्हलपिंगमध्ये काही झालं असेल. पण सावलीतल्या फ्रेम्स स्वच्छ! मग मागचं दार उघडून उजेडाकडे धरून शटरचा एकेक स्पीड मारून बघितला. १/२५०पर्यंत ठणठणीत, १/१०००च्या पुढे शटरचा दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय. एचपी५, म्हणजे चारशेची फिल्म, भरलेली असली की आपल्या उन्हात एफ/१६ ॲपर्चरला १/५०० लागतो. मला एफ/५.६वर मागचं धूसर करून चेहरा सुटा करायचा असेल तर थेट १/४००० हवा, आणि नेमका तोच गेला. दुरुस्तीवाल्या चाचांनी दुकान बंद केलंय, हे तुला माहीतच आहे. दुसऱ्या एकाकडे दाखवला तर तो म्हणाला, उघडतो, पण खात्री देत नाही. मी उचलून परत आणला.

म्हणजे दुसरी बॉडी हवी, इथवर माझं मन स्वच्छ आहे. गोंधळ पुढे आहे.

दुकानात दोन होत्या. एक एफएम२एन, माझ्याच एफएम२ची पुढची आवृत्ती, जवळपास कोरा. तो घेतला की माझ्या सगळ्या लेन्स, माझी सवय, १/४००० सगळं परत मिळतं. दुसरा हा एफएम, कोपऱ्यांवर काळा रंग उडून खालचं पितळ दिसणारा, किंमत निम्म्याहून कमी. याचा टॉप स्पीड हजार, म्हणजे उन्हात एचपी५ घालून एफ/११च्या पुढे उघडताच येणार नाही. हिशेबाने बघितलं तर प्रश्नच नाही.

पण लेन्स बसते त्या माउंटच्या कडेला, रिंग कुठल्या ॲपर्चरवर आहे ते बॉडीला कळवणारी ती कपलिंगची चिमुकली पट्टी असते ना, एफएमवर ती बटण दाबून वर दुमडता येते. एफएम२वर ही सोय निकॉनने काढून टाकली, त्यामुळे काकांच्यासारखी जुनी लेन्स त्यावर बसत नाही. म्हणून इतकी वर्षं काकांची पन्नास एमएम माझ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये पडून आहे. सव्वीस जुलैच्या पाण्यात काकांची बॉडी, ती निकोरमॅट, गेली, लेन्स माळ्यावर होती म्हणून वाचली, आणि तू ती मला दिलीस तेव्हा म्हणालास, ‘वापर.’ वापरणार कशावर? तू तर पेंटॅक्सवाला.

काल लेन्स बरोबर नेली होती. पट्टी वर केली, लेन्स लावली, फिरवली, आणि तो खट् आवाज आला. नंद्या, मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर समोर बोरा बाजारातली हातगाडी होती आणि मला गच्चीवर आपल्याला ओळीत उभं करणारे काका आठवले. लेन्स चढवली की रिंग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, कर्र-कर्र. रिंगवर ५.६च्या आकड्याजवळचा रंग त्यांच्या बोटाने झिजलाय. हे मी दुकानदाराला काय सांगणार? तुलाच सांगू शकतो.

बॉडी नीट तपासली. एक सेकंदाचा स्पीड बरोबर वाटला, उजेड मोजणाऱ्या मीटरचे तिन्ही दिवे लागतात, सेलच्या खाचेत हिरवं काही नाही. आरशाचा फोम मात्र डांबरासारखा विरघळलाय, बोट लावलं तर काळं चिकट रात्रीपर्यंत निघालं नाही. ते काम घरी होतं. तुला एकच त्रास होईल: तू डावा डोळा लावतोस आणि मीटर चालू करायला फिल्म पुढे सरकवायची लिव्हर बाहेर ओढावी लागते, ती कपाळात टोचेल. यावरून तू माझ्या निकॉनला काय काय बोलला आहेस ते मी विसरलेलो नाही. आणि तुझ्या पेंटॅक्स के-थाउजंडला लेन्सचं झाकण लावायला विसरलं की सेल संपायचा, हे तूही विसरू नकोस! सेल्फ टायमर नाही म्हणून आपल्या एकाही ग्रुप फोटोत तू नाहीस, हे तर काकूसुद्धा सांगतात.

तिसरी वाट दुकानदाराने सुचवली. काकांच्या लेन्सची रिंग मागून कानशीने थोडी उतरवायची, की ती एफएम२एनवरही बसेल. काम सोपं आहे, लेन्सच्या काचेला धक्का नाही. शहाणा माणूस हेच करेल. पण काकांच्या वस्तूवर कानस चालवायला माझा हात धजत नाही, आणि तुला न विचारता तर मुळीच नाही. तुला यात काहीच वाटत नसेल तर तसं सांग, मला खरंच चालेल. मी एफएम२एन घेईन.

माझं मत विचारशील तर एफएम घ्यावा. उन्हासाठी एचपी५च्या जागी शंभरची फिल्म भरीन, त्यावर एफ/५.६ला हजार पुरतो. उरलेल्या पैशांत रोल येतील, आणि हल्ली रोलच्या किमती बघता तीही काही लहान गोष्ट नाही. माझ्या एफएम२चा संथ कारभार शाबूत आहे, तो ढगाळ दिवसांना आणि घरातल्या फोटोंना ठेवीन.

तुझी बदली झाली का? वहिनींचं क्लासचं काय ठरलं? पोरीची दहावी आहे, तिला माझ्याकडून एवढंच सांग की मामेबहिणीच्या मार्कांकडे बघू नकोस. काकूंना नमस्कार. रिंगचं त्यांनाही विचार, लेन्स आधी त्यांची आहे.

दुकानदाराने शनिवारपर्यंत बॉडी बाजूला ठेवलीय, हजार रुपये देऊन आलोय. शुक्रवारपर्यंत कळव.

तुझा,
अव्या

ता. क. लेन्सचं मागचं झाकण तुमच्या माळ्यावर राहिलंय का बघ. मी सध्या प्लास्टिक बांधून ठेवतोय, पावसाळ्यात ते चालायचं नाही.