ऐटीत बोलण्याआधी

चि. अमोघ,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसात जेवताना तू म्हणे तिथल्या आयरिश मुलींना ऐकवलंस, की आमच्याकडे १९७१ सालीच गर्भपाताचा कायदा झाला, तुम्हाला २०१८ उजाडावं लागलं. फोनवर हे फार ऐटीत सांगितलंस. सगळं फोनवर बोलणं जमणार नाही, म्हणून लिहिते आहे.

१९७१ काढलंस ना, मग ते वर्ष पुरतं बघ. आपला कायदा त्या ऑगस्टमध्ये झाला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका दगावत होत्या म्हणून शांतीलाल शाह समितीने तो सुचवला होता, आणि लोकसंख्येची धास्तीही मागे होतीच. बायकांना त्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं नाही. अजूनही शेवटचा शब्द डॉक्टरचा. मी प्रसूतिगृहात नोकरी केली तेव्हा 'नवऱ्याची सही आणा' हे कायद्यात कुठेही नसलेलं फर्मान रोज कानावर यायचं.

त्याच वर्षी मे महिन्यात डब्लिनच्या बायका आगगाडीने ब्रिटनच्या हद्दीतल्या बेलफास्टला गेल्या आणि आयर्लंडमध्ये विकायला बंदी असलेली गर्भनिरोधकं घेऊन आल्या. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळ्या मिळेनात, तर अ‍ॅस्पिरिन घेतल्या आणि परतल्यावर कस्टमवाल्यांसमोर त्याच 'त्या' गोळ्या म्हणून गिळून दाखवल्या! मला ह्या बायका फार आवडतात.

पुढे १९८३च्या सार्वमताने गर्भाच्या आणि आईच्या जिवाला घटनेत सारखाच हक्क दिला. १९८० पासूनच्या साडेतीन दशकांत दीड लाखांहून जास्त आयरिश बायका गर्भपातासाठी इंग्लंडला गेल्या. घरी खरं सांगायची सोय नाही.

आणि सविता हलप्पनवार. आपल्या बेळगावची, दंतवैद्य, ३१ वर्षांची. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं, पण ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला. २८ ऑक्टोबर २०१२ ला ती आयर्लंडमधल्या गॉलवेत सेप्सिसने, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून, गेली. आपल्या टीव्हीवाल्यांनी परिचारिकेचं 'हा कॅथलिक देश आहे' एवढंच वाक्य धरलं आणि एक अख्खा देश मागासलेला ठरवला. चौकशीत मात्र हेही निघालं, की वाढत्या संसर्गाच्या खुणांकडे नीट लक्षच दिलं गेलं नव्हतं. परिचारिका म्हणून मला तेच जास्त झोंबलं. आपण इथे घोषणा देत होतो तेव्हा तिचा फोटो घेऊन डब्लिनच्या रस्त्यांवर उतरले होते ते तिथलेच लोक.

घटना बदलायची तर तिथे सार्वमत लागतं. आधी चिठ्ठी काढावी तसे निवडलेले ९९ साधे नागरिक एका न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कित्येक शनिवार-रविवार बसले, ऐकलं, वाद घातले. मग बायका प्रचारासाठी दारोदार फिरल्या. अनोळखी माणसाच्या उंबऱ्यावर उभं राहून आपल्या पोटातल्या मुलाविषयी बोलायचं, हे तुझ्या आईला जमलं नसतं. मत टपालाने पाठवायची सोय नाही, म्हणून परदेशी गेलेली पोरं विमानं पकडून घरी आली. बाहेरच्यांना तर इतकी घाई, की फेसबुकला परदेशातून येणाऱ्या प्रचाराच्या जाहिरातीच थांबवाव्या लागल्या. २५ मे २०१८ ला ६६.४ टक्के लोकांनी १९८३ची ती घटनादुरुस्ती काढून टाकली. सविताच्या वडिलांनी बेळगावातून आवाहन केलं होतं, ते खरं. पण 'आपल्या मुलीने आयर्लंड बदललं' असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला राग येतो. ती मरण पत्करायला गेली नव्हती, तिला उपचार हवे होते.

आणि आता तिथे सगळं आबादीआबाद झालं, असंही समजू नकोस. बारा आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, त्यातही तीन दिवस थांबावं लागतं. पुढे गर्भात गंभीर दोष निघाला तर तो जन्माआधी किंवा जन्मानंतर २८ दिवसांत दगावेल असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. तशी खात्री देता येत नाही त्या बायका अजूनही इंग्लंडला जातात.

त्या मुलींपैकी कुणाला सांगावंसं वाटलं तर ऐक, ती मतदानाला कुठून आली होती, दारोदार फिरली होती का. फार खोदू नकोस. आणि काही कळलं तर मला सांग, ग्रुपवर टाकू नकोस.

तुझी,
आई