फुग्यातल्या दोन खिडक्या : एक अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मुलांच्या विज्ञानपुस्तकासाठी साबणाच्या फुग्याचे चित्र काढत असताना, एकाच फुग्यात खिडकी दोनदा का दिसते आणि त्यांतली एक उलटी का असते, असा प्रश्न मी आपल्याला विचारला होता. आपण आकृतीसह सविस्तर उत्तर लिहिलेत आणि ते मला स्वतः पडताळता यावे अशी युक्तीही सांगितलीत. हे आभार जाहीरपणे मानते आहे, ते इतर चित्रकारांनाही त्याचा उपयोग व्हावा म्हणून.

आपण समजावून दिल्याप्रमाणे, फुग्याची आपल्याकडची बाजू बहिर्वक्र आरशाचे काम करते आणि खिडकीची लहान, सुलटी, आभासी प्रतिमा दाखवते. पापुद्रा पारदर्शक असल्यामुळे बहुतेक प्रकाश मात्र आत शिरतो, पलीकडच्या बाजूवर आतून पडतो, आणि ती बाजू अंतर्वक्र असल्याने तिथून परतताना उलटी, वास्तव प्रतिमा तयार करतो. दोन्हींचे नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा आरशापासून जितक्या अंतरावर पडते ते, त्रिज्येच्या निम्मे असते. त्यामुळे 10 सेंटीमीटर व्यासाच्या फुग्यात, खिडकी पुरेशी दूर असेल, तर सुलटी प्रतिमा पुढच्या बाजूपासून सुमारे 2.5 सेंटीमीटर आत आणि उलटी प्रतिमा मागच्या बाजूच्या तेवढीच अलीकडे पडते. कॅमेरा एकीवर फोकस केला की दुसरी धूसर होते, ही आपली कसोटी मला सर्वांत आवडली, कारण दोन्ही प्रतिमा एकाच पृष्ठभागावर चिकटलेल्या नाहीत हे त्यातून लगेच दिसते.

फुग्यामागे काळे कापड धरण्याची सूचनाही तितकीच मोलाची ठरली. समोरून आलेल्या प्रकाशापैकी पाण्याचा एक पृष्ठभाग जेमतेम 2 टक्के परत पाठवतो, आणि इतक्या फिक्या प्रतिमा काळ्यावरच नीट उठून दिसतात. पापुद्र्याच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरींच्या व्यतिकरणामुळे (त्या एकमेकींत मिसळून कुठे बळावतात, कुठे विझतात) एखाद्या रंगाचे हे प्रमाण 8 टक्क्यांपर्यंत जाते, तर दुसरा रंग जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून खिडकी पांढरी न दिसता गुलाबी-हिरव्या पट्ट्यांची दिसते. कडेला प्रकाश तिरका पडून परावर्तन वाढते, त्यामुळे फुग्याची किनार अधिक ठळक असते. (पुष्कळ चित्रांत फुग्यावर एकच पांढरा ठिपका देऊन काम भागवलेले असते, तो पोलादी गोळ्यालाच शोभतो.) चित्रकाराच्या दृष्टीने सोय अशी, की वरची सुलटी, वाकलेली खिडकी रंगवून झाल्यावर कागद 180 अंशांत फिरवावा आणि तीच खिडकी, किंचित फिकी, पुन्हा काढावी.

संपादकांनी खालची उलटी खिडकी चुकून राहिली असे समजून ती पुसायला सांगितली, तेव्हा मी आपली आकृती त्यांच्यापुढे ठेवली. खिडकी राहिली, आणि आता ती आकृतीही चित्राशेजारी छापावी असा त्यांचा आग्रह आहे. आपली अनुमती असल्यास कृपया तसे कळवावे.

आपली कृतज्ञ,
एक चित्रकार