बाबांना टेस्टर घेऊन बोलावणाऱ्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर लगेच फोन येईल, "काऊन वं, मले कायले मिरवून राहिली?" नाटकाच्या पत्रिकांवर तुमचं नाव 'प्रकाश साहाय्य'खाली कधी छापलं गेलं, कधी राहून गेलं. राहिलं तेव्हा तुम्ही ते बघितलंही नसेल. पण नागपुरात ज्याने म्हणून हौशी नाटक केलंय, त्याला 'लाइटवाले काका' एवढं म्हटलं तरी पुरतं.

नाटकातली पदवी हातात पडली त्या दिवशी पहिला फोन तुम्हाला केला होता. तुम्ही शिडीवर होतात. "मागून बोलतो" म्हणालात आणि तो मागून काही आला नाही, मीही केला नाही. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण बारावीनंतर नाटक शिकायचं म्हणणाऱ्या पोरापोरींना अजून घरोघरी तोच प्रश्न ऐकायला मिळतो, जो २०२२ च्या उन्हाळ्यात बाबांनी तुम्हाला विचारला होता.

बाबांनी विरोध केला नव्हता, हे आधी सांगते. आमच्याकडे आरडाओरडा झाला नाही, कोणी ताट सरकवलं नाही. बाबांची उभी नोकरी विजेच्या खांबावर गेलेली, माणूस कमी बोलणारा. बारावीचा निकाल लागला, मी सांगितलं, ते दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्पॉटलाइट दुरुस्तीचं सामान घ्यायला बर्डीच्या बाजारात आला होता आणि परत जाताना सहज आमच्याकडे टेकला होता. तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, नाटक कराले आमची ना नाही. पण तीन वर्षं त्यात शिकवून राहिले तरी काय?"

मी त्या प्रश्नाची कितीतरी उत्तरं पाठ करून ठेवली होती. त्यातलं एकही तुम्ही दिलं नाहीत. म्हणालात, "उद्या तीन वाजता सभागृहावर या जी. टेस्टर असू द्या सोबत."

जून महिन्यातली दुपार. कुठल्याशा एकांकिका स्पर्धेची तयारी चालली होती आणि एसी शोच्या वेळीच लावायचा असा त्या सभागृहाचा नेम. आत भट्टी. रिकाम्या रंगमंचावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा, एका विंगेत नेपथ्याचे तीन फ्लॅट, आणि वर दांडीवर तुम्ही. बाबा पहिल्या रांगेत पाहुण्यासारखे बसले. दहाएक मिनिटं बसले असतील. मग उठून विंगेत गेले आणि लाइट कमी-जास्त करायच्या डिमरसमोर उभे राहिले.

"किती लाइट?"

"अठरा."

"हजार वॅटचे?"

"सगळे हजाराचे."

बाबांनी खिशातून पेन काढलं. अठरा किलोवॅट. एका फेजवर टाकले तर पंच्याहत्तर अँपिअरच्या वर. तिन्ही फेजवर सहा-सहा वाटले तर एकेकावर सव्वीस. तुम्ही वरूनच सांगितलंत की तसंच वाटले आहेत. मग त्यांनी न्यूट्रल कुठाय विचारलं, स्वतः वाकून जोड हलवून बघितला आणि म्हणाले, हा ढिला आहे, शो चालू असताना सुटला तर एखाद्या फेजवर दाब चढून त्यावरचे बल्ब उडतील. तुम्ही शिडीवरून उतरलात. पुढचा पाऊण तास तुम्ही दोघं जमिनीवर बसून त्या जोडाशी खटपट करत होता आणि मला, जिच्या आयुष्याचा निर्णय चालला होता तिला, फक्त "पाना दे", "टॉर्च इकडे धर" एवढंच काम होतं.

संध्याकाळी तालमीत एक मुलगी एकटी उभी होती आणि तिच्यावरचा प्रकाश वीस सेकंदांत हळूहळू गेला. बाबा कुजबुजले, "हे एवढं हळू कसं नेलं?" तुम्ही म्हणालात, "हेच शिकवतात."

बाहेर चहाच्या टपरीवर तुम्ही वहीचं मागचं पान फाडून नकाशा काढलात. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासूनचं, पण तिथं बारावीनंतर थेट जाता येत नाही. आधी कुठलीतरी पदवी लागते, वर नाटकांत काम केल्याचा अनुभवही. मुंबई विद्यापीठाच्या अकादमीत आहे ते पदव्युत्तर शिक्षण. बारावीनंतर लगेच जायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, १९८७ पासून चालू आहे, तिथं बी.ए. करता येतं. हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणालात, पोरं येतात, जातात, सांगतात.

मग बाबांनी पैशाचं विचारलं, आणि तुम्ही जे उत्तर दिलंत त्यासाठी हे पत्र लिहायला घेतलंय. दुसरा कोणी असता तर मोठ्या नटांची नावं घेतली असती. तुम्ही म्हणालात, "मी दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांत कमावतो, उन्हाळ्यात लग्नं-वरातींचे लाइट करतो, पावसाळ्यात घरी बसतो. पोरीचं याहून बरं होईल का, मले नाही माहीत." बाबांनी चहाचे पैसे दिले. घरी येताना गाडीवर एवढंच म्हणाले, "माणूस खरं बोलते." त्या रात्री त्यांनीच अर्ज भरायला लॅपटॉप उघडायला सांगितला.

पुण्याला काय शिकले ते सगळं इथं सांगत बसत नाही, आवाजाच्या सरावापासून भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत बरंच काही होतं. पण एक सांगते. तुम्ही मला बजावलं होतं की हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही, फडक्यात धरायचा. का ते सांगितलं नव्हतं. एकदा मी धरला तर हातावर चापट मारली होती फक्त. प्रकाशयोजनेच्या तासाला कळलं की बोटाचं तेल काचेला लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब तिथूनच जातो. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी हात चोळत होते.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीत तुम्ही मला वडशाला नेलंत. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज म्हणा, वडसा म्हणा, आपण वडसाच म्हणतो. धान निघालेलं, गावोगाव मंडईची जत्रा, कुठं शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री शेतात बांधलेल्या मंडपात नाटक. दहानंतर सुरू झालेलं ते पहाटे कोंबडा आरवेपर्यंत. पोरं मांडीवर झोपलेली, म्हाताऱ्या शालीतून डोळे न हलवता बघत होत्या. कंपनीला दुसऱ्या रात्री दुसरं गाव. तुम्ही लाइटवर लावायचा लाल जिलेटिनचा कागद दोन बोटांत धरून म्हणालात, इथं 'सूक्ष्म' चालत नाही, खलनायक आला की लाल आलाच पाहिजे. मला तेव्हा हसू आलं. पुढच्याच जानेवारीत, २०२३ ला, झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि हॉस्टेलवर सगळे विचारायला लागले की हे झाडीपट्टी म्हणजे नेमकं काय. आख्ख्या मजल्यावर उत्तर मला एकटीला येत होतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया असं सांगत सांगत रात्रीचे दोन वाजले. लाल जिलेटिनचंही सांगितलं, या वेळी न हसता.

आता मी परत नागपुरात आहे. दोन शाळांत नाटकाचे तास घेते, मिळतील तशा प्रकाशयोजना करते. पावसाळ्यात घरी बसले होते, तुम्ही सांगितलं होतं तस्सं. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, फक्त "झाडीपट्टीत जागा आहे का विचार" म्हणाले.

एक तक्रारही आहे. एलईडी आल्यापासून तुम्ही सभागृहावर कमी येता असं पोरं सांगतात. हॅलोजन मंद करत नेला की तो आधी पिवळा, मग निखाऱ्यासारखा तांबूस होतो आणि एलईडी तसा होत नाही, हे तुमचं गाऱ्हाणं मला पाठ आहे आणि खरंही आहे. पण पुढच्या महिन्यात माझं एक नाटक आहे. शेवटच्या प्रवेशात एक म्हातारा एकटा ओसरीवर बसतो आणि प्रकाश वीस सेकंदांत जातो. तेवढ्या एका जागेला मला दोन जुने हजाराचे हवेत.

तो सहा चॅनेलचा डिमर अजून तुमच्याकडेच आहे ना? बाबा विचारत होते. येताना न्यूट्रल तपासून घेतो म्हणाले.

तुमची,
टॉर्च धरणारी